डोळे उघडे ठेवावेत

लॅपटॉप: उमेदवाराचे डोळे मिटलेले आढळले. ‘चालकाचा थकवा’ हा धडा पहिल्यापासून सुरू होत आहे.

नवरा: मिटले नव्हते रे बाबा. पापणी लवली.

बायको: लवली ती वर आलीच नाही. चांगले घोरत होतात.

नवरा: तू इकडे डोकावू नकोस. कॅमेऱ्यात दुसरं कुणी दिसलं तरी पहिल्यापासून. शिलाई मशीनकडे सरक.

बायको: माझ्याच घरात मी सरकायचं. बरं. कितव्यांदा चाललाय हा धडा?

नवरा: मोजायचं सोडलंय.

बायको: थकलेल्या माणसाला झोपू द्यावं, हेच शिकवतात ना त्यात?

नवरा: ते ड्रायव्हरांसाठी. मी सुरक्षा व्यवस्थापक आहे. मला झोप येऊन कसं चालेल?

बायको: मग उद्या करा.

नवरा: उद्या काय कपाळ? संध्याकाळी सहाला माझं सर्टिफिकेट संपतंय. ते संपलं की माझी सही चालत नाही, आणि सही नसली तर डेपोतली एकही गाडी फाटकाबाहेर पडत नाही. मग नोकरीच्या नावानं आंघोळ.

बायको: आणि आठवडाभर काय करत होतात?

नवरा: बाकीची सर्टिफिकेटं. आग विझवण्याचं, टायरचं, प्रथमोपचाराचं. शिवाय सर्टिफिकेटं वेळेवर नवी करण्याचं एक सर्टिफिकेट असतं. तेही संपत आलं होतं.

बायको: मग काम कधी करता?

नवरा: मधूनमधून.

बायको: परवा घरी येताना गाडी कुठं लावलीत, आठवतं?

नवरा: शेजारच्यांच्या दारात. चूक झाली, मी म्हटलं की सॉरी.

बायको: दारात नाही, त्यांच्या कुंड्यांवर. आणि वर त्यांच्या कुलपाला आपली किल्ली लावत होतात. लागत नाही म्हणून त्यांनाच ओरडलात.

नवरा: ते काही बोलले नाहीत.

बायको: ते मला बोलले. त्यांच्यासमोर मी हसून घेतलं. घरी येऊन रडले, ते तुम्हाला कुठून कळणार? तुम्ही पायातले बूटही न काढता आडवे झाला होतात. मला भीती वाटते हो. फोन वाजला की आधी देवाला हात जोडते, मग उचलते.

नवरा: एखादी डुलकी लागली असेल गं.

बायको: ड्रायव्हरला अशी एखादी डुलकी लागली, तर काय करता?

नवरा: चावी काढून घेतो. आता गप्प बस, प्रश्न सुरू होतायत. हे सगळं मला तोंडपाठ आहे, झोपेत विचारलं तरी...

(घोरण्याचा आवाज.)

बायको: अहो. उठा. डोकं टेबलावर काय टाकलंत? अहो, प्रश्न आले.

लॅपटॉप: उमेदवाराचे डोळे उघडे आढळले. धन्यवाद. प्रश्न पहिला. चालकास वारंवार जांभया येत असल्यास काय करावे?

बायको: अगं बाई, हे माझ्याकडेच बघतंय. मी उमेदवार नाही. मी बायको आहे.

लॅपटॉप: हे उत्तर पर्यायांत नाही.

बायको: गाडी बाजूला घ्यायला सांगावी, दुसरं काय? तोंडावर पाणी मारून भागत नाही. जेवताना रोज हेच ऐकते मी.

लॅपटॉप: बरोबर. पुढील प्रश्न. आपण थकलो आहोत हे चालक मान्य करत नसल्यास?

बायको: तो कशाला मान्य करतोय. तो काय म्हणतो ते ऐकू नये. त्याच्या तोंडाकडे बघावं.

लॅपटॉप: बरोबर. शेवटचा प्रश्न. चालक अनुभवी व जबाबदार असल्यास त्यास सूट द्यावी का?

बायको: अजिबात नाही. आधी त्यालाच थांबवावं.

लॅपटॉप: आपण उत्तीर्ण झाला आहात. छायाचित्रासह प्रमाणपत्र तयार आहे.

नवरा: काय? कोण उत्तीर्ण? किती वाजले?

बायको: सहा वाजत आलेत. तुम्ही पास झालात. म्हणजे नाव तुमचं आहे.

नवरा: आणि हा फोटो? अगं, ही तू आहेस. गळ्यात टेप लटकतोय.

बायको: मी त्याला सांगितलं होतं, मी बायको आहे म्हणून.

नवरा: हे रद्द कर. ऐकतोयस का? उमेदवार मी आहे.

लॅपटॉप: हा चेहरा नोंदीशी जुळत नाही. अनोळखी व्यक्तीने दूर व्हावे.

नवरा: अनोळखी मी? फी माझ्या पगारातून कापलीय.

लॅपटॉप: सुरक्षा व्यवस्थापकांनी लक्ष द्यावे. शेजारी एक थकलेला चालक आढळला आहे. कारवाई करावी.

बायको: हे मला म्हणतंय.

नवरा: असल्या सर्टिफिकेटच्या जोरावर मी गाड्यांसाठी सही करणार नाही. डेपोत जाऊन मोठ्या साहेबांना तोंडावर सांगतो. चावी कुठंय?

बायको: माझ्याकडे. आणि ती मिळणार नाही.

नवरा: अगं, रस्ता माझ्या पायाखालचा आहे.

बायको: परवाच्या कुंड्याही पायाखालच्याच होत्या. फोन करा. खरं तेच सांगा.

नवरा: नोकरी जाईल.

बायको: गेली तर गेली. मी चार पडदे जास्त शिवीन. नवरा शिवता येत नाही मला.

नवरा: दे तो फोन. ...साहेब, मी बोलतोय. सर्टिफिकेट नाही झालं. नाही, आज गाड्या सोडता येणार नाहीत. मी डुलक्या घेतोय, साहेब. हो. हो. ऐकतोय. ...बरं. ठेवतो.

बायको: काय म्हणाले?

नवरा: आधी ओरडले. म्हणाले, तुझा फोन घेतला म्हणून माझा धडा पहिल्यापासून सुरू झाला. तेही दुपारपासून हाच करतायत.

बायको: आणि गाड्या?

नवरा: गाड्या आणि मी, दोघांचंही उद्या बघतो म्हणाले. बोलता बोलता जांभई दिली.

लॅपटॉप: स्मरणपत्र. थकलेल्या चालकावर कारवाई झाली का?

बायको: होतेय. बूट काढतायत ते.