साहेबानं तोडलेली हवा

माहं माहेर कामठीचं. बाप पावरलूमवर होता, घरात दिवसभर खडखडाट, त्याच्यावर बोलून बोलून माहा आवाज मोठा झाला, सासू म्हणे पोट्टी भांडखोर दिसते, अन् काय सांगू तुम्हाले, खोटं नव्हतं ते. आयटीआय केलं, कोळशाच्या वीजघरात बॉयलरच्या पॅनलवर लागली. विलास तिथंच फिटर, लग्न झालं, नंदनवन नावाच्या वस्तीत राहायले आलो. शांत माणूस. तबला असा वाजवे का वस्तीत भीमगीतं असली म्हणजे पहिले त्याले बोलावणं यायचं.

मंग तो नियम आला, धुरातला नायट्रोजनचा विषारी वायू कमी करा म्हणून. त्याची तरकीब चांगलीच आहे, मी वाईट नाही म्हणत. भट्टीत खाली हवा थोडी कमी द्यायची, म्हणजे आग एकदम भडकत नाही, वायू कमी बनते, अन् राहिलेली हवा वरच्या झरोक्यातून सोडायची, तिथं उरलासुरला कोळसा जळून जाते. पण खालची हवा किती तोडायची त्याले हद्द असते. जास्त तोडली का भिंतीतल्या पाण्याच्या नळ्या झिजतात, पातळ होतात. हे आम्हाले आमच्या बॉयलरवरल्या मोठ्या साहेबानंच शिकवलं होतं, म्हणून तर राग जात नाही.

साहेबाले बढती पाहिजे होती. वायूचा आकडा अजून खाली आणा म्हणे, वरचे लोकं खूश झाले पाहिजे. मी म्हटलं साहेब, बॉयलर बंद करून नळ्या तपासू, मंग पाहू. तो म्हणे बंद केलं तर मी काय तोंड दाखवू. मी हात लावायले नाही म्हटलं, तर माह्या खुर्चीवर दुसऱ्याले बसवलं अन् हवा तोडली.

काही महिन्याइनं एका दुपारच्या पाळीत नळी फाटली. विलास झडप उघडून भट्टीतली गोठलेली राख पाडून राहिला होता, वाफ सरळ अंगावर आली. त्यानं हात आडवे धरले म्हणून तोंड वाचलं. बोटं एकमेकाइले चिकटली ती चिकटलीच, तबला तवाच संपला. अन् चौकशीत साहेबानं काय सांगावं, फिटरनं न विचारता झडप उघडली. विलास दवाखान्यात पट्ट्याइत गुंडाळलेला, त्याले कोणी विचारलं बी नाही. मी केबिनमध्ये गेली, काहून खोटं बोलले म्हटलं. त्यानं मान वर केली नाही. म्हणे, बाई, माणूस वाचला ना, त्यात खूश राहा.

खूश राहा म्हणे. मी त्या दिवसापासून वाट पाहून राहिली होती. विलास म्हणे, जाऊ दे वं. मी म्हटलं, हात तुह्ये जळले, पण राग माहा आहे, तो मी नाही जाऊ देत.

साहेब रिटायर झाला. हॉलमध्ये त्याची बायको, लेक, जावई पुढं बसलेले, भाषणावर भाषणं, शहराची हवा साफ करणारा माणूस म्हणे. पॅनलवरली बाई म्हणून गुच्छ द्यायले मले बोलावलं. मी विलासले संगं घेऊन स्टेजवर चढली. साहेबानं सवयीनं हात पुढं केला, विलासनं आपला हात त्याच्या हातात ठेवला. मी माईक घेतला अन् म्हटलं, साहेब, यानं झडप उघडली हे तुम्ही सांगितलं, उघड म्हणून याले कोणं सांगितलं होतं, ते आज लेकीसमोर सांगा.

साहेब त्या हाताकडे पाहत राहिला, सोडता येईना त्याले. मंग लेक खालून म्हणाली, बाबा, सांगा ना.

मीच, म्हणे. हळूच म्हणे, पण माईक चालू होता.

चौकशी पुन्हा उघडली, विलासवरचा ठपका गेला. आता नळ्या वेळेवर तपासतात, हवा हद्दीत ठेवतात, तरी वायू कमीच असते, म्हणजे तवाही झालं असतं. लोकं सांगतात, लेक साहेबाशी बोलत नाही. ऐकून वाईट वाटायले पाहिजे, मले नाही वाटत.

विहारात सगळ्याइचं भलं होवो म्हणतात तवा मी एकेकाले आठवते, शेजारीपाजारी, सासूलेही, अन् त्या माणसापाशी आली का तोंड मिटते. बाजूले विलास त्याचंही भलं मागत असते, मले माहीत आहे. मागो बिचारा. घरातून एकाचं तेवढं पुरे.