अकरा दिवसांचं शून्य

आदरणीय अध्यक्षमहोदया, व्यासपीठावरील मान्यवर, रुग्णालयातील माझे सहकारी आणि आज अगत्यानं आलेले ताईंचे घरचे लोक, सर्वांना नमस्कार.

ताई आज निवृत्त होताहेत. चार गोड शब्द बोलून खाली बसायचं ठरवून आलो होतो. पण एक गोष्ट पोटात ठेवून बसवेना.

ताई म्हणजे कॉम्प्युटर अडला की हाक मारायच्या बाई, एवढंच आपल्याला ठाऊक, नाही का? त्यांनी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली होती. रोज सकाळी सातला ती आपोआप चालायची आणि डेटाबेसला विचारायची, कोणते गंभीर रिपोर्ट अजून एकाही डॉक्टरनं उघडलेले नाहीत? आकडा छापून माझ्या टेबलावर यायचा. पाच, कधी सात.

गेल्या वर्षी ताई रजेवर गेल्या आणि आकडा आला शून्य. लागोपाठ अकरा दिवस शून्य! प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून मी बैठकीत छाती फुगवून सांगितलं, "बघा, लागली शिस्त!"

ताई परतल्या. खांद्यावरची पर्सही उतरवली नव्हती. कागद पाहून म्हणाल्या, "डॉक्टर, शून्य? आपल्याकडे?" उभ्याउभ्याच त्यांनी स्वतःच्या लॉगिननं तोच प्रश्न हातानं टाइप केला. नावं येऊ लागली. थांबेचनात. त्रेचाळीस!

मधल्या काळात स्क्रिप्टसाठीचा डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता. स्क्रिप्टला आत कुणी घेतच नव्हतं, आणि उत्तर न मिळणं तिनं शून्य धरलं होतं. सतराव्या ओळीत तर माझ्या सख्ख्या वहिनी! रोज विचारायच्या, "भावजी, माझा रिपोर्ट?" मी म्हणायचो, "काही असतं तर कळलं असतं."

"नकार आला तर स्क्रिप्टनं बोंब मारायला हवी होती. ती ओळ मी लिहिलीच नाही," एवढं बोलून ताईंनी फोन उचलला. दुसरा मी उचलला. दुपारपर्यंत बेचाळीस जण सापडले. त्रेचाळिसाव्या घरी मुलीनं फोन घेतला. "बाबा परवा गेले," म्हणाली.

ताईंनी तिला सगळं खरं सांगितलं, स्वतःच्या नावासकट. ती रडली, ओरडली. ताई ऐकत राहिल्या. आणि मी? शेजारी उभा राहून खुणा करत होतो, ठेवा, फोन ठेवा!

वहिनींवर वेळेत शस्त्रक्रिया झाली. त्या आज सभागृहात आहेत. चौकशीच्या कागदावर मात्र दोषी म्हणून एकट्या ताईंचं नाव आहे, आणि खाली सही माझी. अध्यक्षमहोदया, ताईंच्या नावाशेजारी माझं नाव घालावं, ही जाहीर विनंती.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्यावं. वर्षभर गप्प बसलो, त्याची क्षमा मात्र तुमच्याकडे मागत नाही. ती मागायला इथून थेट त्या मुलीच्या दारात जातो आहे.