मेलेल्या फिरंग्याचं सामान

नाही रत्ना, ते तांदूळ उचल आधी — हातसडीचे आहेत, वासावरूनच कळलं — पण मला नकोत. आणि ही पत्रिकाही घे. ‘जानकूबाबा वाचनालय, उद्घाटक फारसीचे गाढे अभ्यासक’ — शी. कोणी लिहिलं? तू? बरं. शुद्ध लिहिलंयस, तरी ते ‘गाढे अभ्यासक’ खोड.

वडिलांची एखादी आठवण सांगा म्हणतेस. सांगतो की. पुण्याला एका खोलीत राहायचो आम्ही, तुझा बाप जानकू आणि मी, मोगलांची फर्मानं वाचायचो — म्हणजे वाचायचा तो, मी शेजारी बसून टिपायचो — तसं नाही, मीही वाचायचो, थोडंफार. सुरतेच्या फिरंगी व्यापाऱ्यांना मोगल राज्यात काय हक्क होते, हा विषय. आपसातली भांडणं त्यांची त्यांनी मिटवायची. आणि फिरंगी इथं मेला, तर त्याचा माल सरकारजमा करायचा नाही, त्याच्या माणसांना द्यायचा. स्वतःचे उमराव मेले की बादशहा सगळं ताब्यात घ्यायचा, बरं का, आणि परक्याला ही सवलत. जानकू खूश व्हायचा. ‘सर, ह्ये कलम लई ब्येस हाये. मेल्याचं त्याच्या घरी गेलं पायजे.’ सर म्हणायचा मला — दोनच वर्षांनी मोठा होतो मी.

काविळीनं गेला. तू रांगत असशील तेव्हा. खोली मी आवरली, सामानाची यादी मी केली, माझ्या हातानं — स्टोव्ह, घोंगडी, दोन सदरे, चष्मा. तुझ्या आईनं अंगठा दिला त्यावर. काय, अजून जपून ठेवलीय? वाचलीस? मग काही कमी नाही वाटलं? रात्रंदिवस फारसी वाचणाऱ्या माणसाच्या खोलीत एक वही निघू नये? — तुला कसं वाटणार. तुझ्या आईला तरी कसं वाटणार. त्याच भरवशावर तर मी —

त्या फर्मानांवरचं पुस्तक चांगलं म्हणतात माझं. अजून म्हणतात. मी कधी चाळतो आणि किळस येते, एकेक वाक्य त्याच्या आवाजात ऐकू येतं. प्रस्तावनेत आभार मानलेत त्याचे, ‘मदतनीस’ म्हणून. नाही, पाणी नको मला — त्या कपाटात, खालच्या कप्प्यात, त्याच्या वह्या कापडात बांधलेल्या आहेत. सोडून बघू नकोस इथं. उचल. तांदूळही ने. आणि बोलू नकोस काही; ‘असू द्या सर’ म्हणालीस ना, तर मी त्या वह्या परत ठेवून घेईन — एवढा मी — जा, रत्ना. दार ओढून घे.