रेकॉर्डबाहेरचा वास

अपील कोर्टाबाहेरच्या बाकावर एक मास्तर आपल्या खटल्याच्या पुकाऱ्याची वाट बघत होते. शेजारी केमिकल कारखान्याचा वकील, त्याच्या पलीकडे कारखान्यामागच्या वस्तीतली म्हातारी.

“बाई, जरा तिकडे सरका. कपड्यांना कसला वास येतोय?”

“तुमच्याच कारखान्याचा. दोरीवर वाळत घातले की बसतो, धुऊनही जात नाही.”

“उगाच काहीतरी बोलू नका.”

“आत्ताच आत छातीठोकपणे सांगून आलात ना, वस्तीत वास येतच नाही म्हणून? मग नाकाला रुमाल कशाला?”

तेवढ्यात म्हातारीची वकीलबाई चहा घेऊन आली.

“अगं, यांना वास आला! जेवणाच्या सुट्टीनंतर जजसाहेबांना सांग.”

“काकू, नाही सांगता येत. अपिलात फक्त खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड बघतात.”

“नात खोकून खोकून निळी पडते, ते आहे रेकॉर्डवर?”

“नाही. तेव्हाच्या वकिलांनी डॉक्टरांचे कागद लावलेच नाहीत.”

“आणि या साहेबांचं नाक?”

“तेही नाही.”

“बरं.”

म्हातारी सरकली, ती वकिलाला अगदी खेटून बसली.

“अहो, हे काय चाललंय?”

वकील मास्तरांच्या अंगावर रेलला. मास्तर जागचे न हलता म्हणाले,

“बसा साहेब. हेही रेकॉर्डवर येणार नाही.”