मान खाली घातलेली छत्री

दत्तजयंतीचा आदला दिवस, सारंगखेड्यात जत्रेला घोड्यांची गर्दी, आणि मी ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसलेली. माहेर माझं नवापूरचं, वडील कोंबड्यांच्या शेडमध्ये वायरिंग करायचे, त्यांच्यापाशी पाना धरायला शिकले, लग्न होऊन आले तर नवऱ्याचं डिशचं दुकान, आता त्यांची कंबर गेली म्हणून छतावर मी चढते, त्यात कौतुक काही नाही.

तर फोन आला मोलगीच्या वरच्या पाड्यावरून. तिथल्या आरोग्य उपकेंद्रावर छत्री मीच बसवलीय, रेंज नाही म्हणून नंदुरबारचे डॉक्टर उपग्रहावरून पेशंट बघतात. नर्सबाई टेकडीवर चढून ओरडत होत्या, ताई, छत्री पुन्हा बंद, जमनाला आठवा महिना, पाय सुजलेत, डोकं दुखतंय, आणि सासरा अडून बसलाय, डॉक्टर तोंडानं सांगेल तेव्हाच गाडीत घालीन म्हणतो. नवरा म्हणे, आते कोठे जाशी? म्हटलं, मंग कोन जाई, तुमनी कंबर?

जीप घेऊन दुपारी पोचले, वर चढून बघते तर काय सांगू तुम्हाला, छत्रीची दिशा बरोबर दक्षिणेला, पण मान खाली, थेट घाटात बघतेय. कोणी केलं हे? सासरा रायसिंग म्हणाला, मी. डॉक्टर खाली नंदुरबारला बसतो, ही वर आभाळात बघते, चित्र अडकत होतं, म्हणून त्याच्याकडं तोंड केलं. मी हातच जोडले. काका, डॉक्टर आधी उपग्रहाशी बोलतो, उपग्रह आपल्याशी, आणि तो आहे छत्तीस हजार किलोमीटर वर. मग तो फिरत नाय? फिरतो हो, पृथ्वीसोबत फिरतो. खळ्यात मळणीला बैल जुंपता ना, मधल्या खांबाजवळचा, मेढीजवळचा, थोडं चालतो, बाहेरचा जास्त, तरी दोघं शेजारीच. तसा तो कायम आभाळात त्याच जागी. मग पडत नाय? तुमचा बाहेरचा बैल चालता चालता पडतो का?

हे सगळं बोलत मी बोल्ट सोडत होते, छत्रीची मान वर केली, खाली पडद्यावर डॉक्टर दिसले. जमनाचा रक्तदाब ऐकून एवढंच म्हणाले, आत्ता आणा. रायसिंगनं सुनेला स्वतः उचलून माझ्या जीपमध्ये बसवलं. तेवढ्यात मी छत्रीच्या खांबावर आणि मान धरणाऱ्या पट्टीवर मिळून लाल रंगाची रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदुरबारच्या दवाखान्यात जमनाचा दाब उतरला होता. रायसिंग बाहेर बाकावर बसलेले. कितीही सांगा, हा माणूस छत्रीला हात लावणारच, पाना नसला तर दगडानं ठोकेल. म्हणून पिशवीतला पाना काढून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, रेघेला रेघ जुळली पाहिजे, आता राखण तुमची. पोर सुखरूप राहो, आणि छत्रीही. मग जीप काढली, घरी आले, मिरच्या तशाच पडलेल्या, खुडायला बसले.