त्सोन्काचे निळे बूट

तुर्कस्तानातल्या एदिर्नेचा बाजार करून बल्गेरियात परतणाऱ्यांची सीमेवर पासपोर्टसाठी रांग लागली होती. त्याच रांगेत ताटकळणाऱ्या इस्क्राच्या पुढे दोन म्हाताऱ्या मैत्रिणी उभ्या होत्या आणि त्यातली एक भलतीच तापली होती.

“सहा दुकानं पालथी घातलीस, त्सोन्का! निवांत बाजार करू म्हणालीस आणि मला धड चहासुद्धा पिऊ दिला नाहीस.”

“अगं दोब्रिंका, बूट चावायला नकोत ना.”

“‘टाच बघ, दोब्रिंका. चालून दाखवते, दोब्रिंका.’ आणि आता म्हणतेस, गाठोड्यात ठेवणार?”

“मग? मला पुरताना घालायचे सगळे कपडे इस्त्री करून बांधून ठेवलेत. बूटच तेवढे राहिले होते.”

“मेल्यावर कुठे फिरायला जाणार आहेस? चावले तर ओरडणार आहेस?”

“तुझंही गाठोडं आहेच की कपाटात.”

“आहे. पण त्यात जुने बूट आहेत! एवढं मऊ चामडं मातीला, आणि पायात ही फाटकी खेटरं? लाज कशी वाटत नाही गं?”

“जन्मात एवढे चांगले बूट घेतले नव्हते. वापरायला जीव होईना.”

“बस त्या बॅगेवर.”

“इथे?”

“बस म्हणते ना! पाय पुढे कर.”

“लोक बघतायत, दोब्रिंका.”

“बघू देत. दुसरा पाय. हं. चावतायत?”

“नाही गं. जराही नाही.”

“मग चाल, रांग सरकलीय.”

“आणि हे जुने?”

“ते ठेव तुझ्या गाठोड्यात.”