दरवाजा कोणी उघडला, हे कळविणेबाबत

विषय : ‘फिरलेली बखर’ या कादंबरीमालेच्या सहाव्या व अखेरच्या खंडात किल्ल्याचा दरवाजा आतून कोणी उघडला, हे वाचकांस प्रकाशनापूर्वी कळविणेबाबत. संदर्भ : आमचा अर्ज, त्यावरचे स्मरणपत्र आणि त्या स्मरणपत्राचे स्मरणपत्र.

हसा! हसून घ्या! सगळं आयुष्य जिल्हा कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात गेलं, त्या माणसाने अर्ज नाही करायचा तर काय हवेत फुंकर मारायची? आणि मामला साधा नाही, तुम्हाला सांगतो, एका माणसाचं हृदय त्यात अडकलंय. खरंखुरं हृदय! धंतोलीच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर!

आता ज्यांनी बखर वाचलीच नाही त्यांच्यासाठी… नाही वाचली? काहून? बरं, राहू द्या. १८१७ साली सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली आणि हरली, हे शाळेतलं पोरही सांगतं. या लेखकाने ती जिंकवली! एकदा जिंकली म्हटल्यावर थांबते कशाला? निघाली पूर्वेला! पाच खंड चालतेच आहे, महानदी ओलांडली, कटक मागे टाकलं, तोफा चिखलात रुतल्या, हत्तींना ताप आला, आणि पाचव्या खंडाच्या शेवटच्या पानावर फौज कलकत्त्याच्या किल्ल्यासमोर उभी, पहाटेची वेळ, सगळे चिडीचूप… आणि किल्ल्याचा दरवाजा आतून उघडतो. संपलं पुस्तक! अहो, उघडला कोणी? आपला की त्यांचा? फितुरी की सापळा? पुढचं पान कोरं! तेव्हापासून वर्षांमागून वर्षं चाललीत आणि सहावा खंड ‘लवकरच’ येतोय. लेखकाचं नाव म्हणे ‘शिलेदार’. फोटो नाही, गाव नाही, पत्ता प्रकाशकाचा. आमच्या कचेरीत बिनपत्त्याचा माणूस आला की आम्ही आधी खुर्ची मागे सरकवायचो. संशयाला जागा आहे!

तर आमचं मंडळ दर रविवारी बगिच्यात जमतं. तर्री-पोहे खायचे आणि दरवाजा कोणी उघडला यावर भांडायचं. सिंधूताई, निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांचा संशय बखरीतल्या दिवाणावर. का, तर तो गोड बोलतो. “गोड बोलणारा पालक फी बुडवतोच, माझा अनुभव आहे!” उन्मेष कामठीचा. त्याचं दुखणंच निराळं. इंग्रज हरले म्हणजे कामठीची छावणी वसलीच नाही, छावणी नाही म्हणजे याचं गावच नाही! “काका, मंग मी कुठून आलो? शेवटी हे सारं सपनच निघनार, लिहून घ्या!” रुपराव काटोलचा, संत्र्याची बाग मुलाच्या हवाली करून नागपुरात आलेला, माझा तीस वर्षांचा दोस्त. तो म्हणतो आचारी. “फौज कोनाच्या भरोशावर चालते गा बाबू? जेवनाच्या! ज्याच्या हातात मीठ, त्याच्या हातात राज!”

आणि मी? मी म्हणतो माहूत. पाच खंडांत माहूत एक शब्द बोलत नाही! एक! हत्तीवर बसून नुसता पाहतो. आता सांगा, लेखक कागद महाग असताना मुका माणूस पाच खंड पोसतो कशाला? कचेरीतही जो बैठकीत कधी तोंड उघडत नव्हता, बदलीचे आदेश बरोबर त्याच्या सोयीचे निघायचे. संशयाला जागा आहे की नाही?

असं सगळं सुखात चाललेलं असताना रुपरावच्या हृदयाची झडप बिघडली. चार पावलं टाकली की धाप. डॉक्टर म्हणाले, नवी बसवा, उशीर करू नका. दवाखान्यात भरती झाला, सगळ्या तपासण्या झाल्या, आणि संमतीच्या कागदावर सही करायच्या वेळी गडी म्हणतो, “दरवाजा कोनं उघडला ते कयल्याशिवाय मी टेबलावर झोपत नाई.” डॉक्टरला वाटलं ऑपरेशन थिएटरचा दरवाजा! रुपरावच्या बायकोने, शामलावहिनींनी, मला बाहेर गाठलं. डोळे पुसत होत्या, पण आवाज कडक. “भाऊजी, हे खूळ तुमीच लावलं त्यायले. आता तुमीच उतरवा.”

मग मी काय केलं? जे येतं ते केलं. अर्ज! विषय, संदर्भ, ‘वैद्यकीय निकड’ लाल शाईने. आणि आम्हा लोकांची सवय माहीत आहे ना, सहपत्रांशिवाय अर्ज पाठवतच नाही. तेव्हा मंडळात जेवढे तर्क निघाले होते ते सगळे जोडले. दिवाण, आचारी, माहूत, सपन, झाडून सगळे! म्हटलं, साहेबांना शोधायचा त्रास नको, योग्य त्यावर खूण केली की काम झालं. कचेरीत हीच पद्धत. वर कोरा कागद पाठवला की तो महिनाभर झोपतो, पर्याय लिहून पाठवले की चटकन सही होते.

चटकन? अहो, उत्तर आलं! प्रकाशकाकडून. “आपले सर्व पर्याय लेखकांनी वाचले. ते अस्वस्थ आहेत. वाचकांनी आधीच ओळखलेला शेवट त्यांना देता येत नाही आणि आपण एकही शिल्लक ठेवलेला नाही. सबब खंड लांबणीवर पडत आहे.”

रविवारी मंडळाने माझे पोहे थंड केले! सिंधूताई म्हणाल्या, “तुमच्यासारख्या मुलांना मी बाकावर उभं करायची.” उन्मेष म्हणाला, “काका, तुमी तं आपल्याच फौजेची वाट लावली ना!” पण तुम्हाला सांगतो, मला आतून बरं वाटत होतं. अस्वस्थ आहेत म्हणजे आपल्यापैकी कोणाचा तरी बाण लागला! कोणाचा? नक्की माहूतच असणार… पण दिवाण निघाला असता तर? संशयाला जागा आहे!

हे रुपरावला कसं सांगायचं? चेहरा उतरलेला, ओठ निळसर, बोलताना मध्येच थांबायचा. पुस्तकाचं निमित्त होतं हो. घाबरला होता. मलाही कळत होतं, त्यालाही कळत होतं, आणि तीस वर्षांत असल्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही, तर आता कुठून सुरुवात करणार? मी दार लोटलं, पलंगाशी बसलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा बनावट टिपणी केली. म्हटलं, “रुप्या, लेखकाचा फोन आला होता. कोणाला सांगू नको. दरवाजा माहुताने उघडला.”

रुपरावने डोळे किलकिले केले.

“खोटं बोलून राहिला तू.”

“काहून?”

“भैताडा, मरनाऱ्या मानसाले खोटं सांगाले आला, तं निदान आचारी तरी म्हनायचं! तिथंबी माहूतच?”

खरं सांगतो, आचारी म्हणायचंच ठरवून गेलो होतो, जिन्यात दोनदा घोकलंही होतं, पण ऐन वेळी जीभ वळेना. इतका पुरावा माहुताविरुद्ध असताना…! पलंगापलीकडे शामलावहिनी कपाळाला हात लावून बसल्या. आणि रुपराव हसायला लागला, धाप लागेपर्यंत, नर्स धावत आली तरी थांबेना. मग म्हणाला, “आन वं तो कागद. करतो सही. मी गेलो तं हा बगिच्यात माहूत माहूत करत सुटन, अन् याले अडवाले कोनी नसन.”

झडप बसली. शुद्धीवर आल्यावर बायकोकडे नाही, पोराकडे नाही, नळ्यांमधून माझ्याकडे बघून पहिला प्रश्न काय? “आलं का उत्तर?”

दरवाजा कोणी उघडला, ते नाही आलं. स्मरणपत्र गेलं, त्या स्मरणपत्राचं स्मरणपत्रही गेलं. आता तो घरी आहे, बिनमिठाचं जेवतो, आणि त्यामुळे आचाऱ्यावरचा त्याचा संशय आणखीच बळावला आहे. डॉक्टर म्हणाले, झडप दहा-पंधरा वर्षं सहज चालेल. लेखकाची गती पाहता तेवढी पुरेल का, संशयाला जागा आहे.

अर्ज प्रलंबित आहे.